अक्काच्या ओळीतली शून्यं

लोणचं ही वस्तू खाण्यासाठी नसून पाठवण्यासाठी असते, हे समजायला मला पंचाहत्तर वर्षं लागली. त्यातली तीस मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो, तेव्हा ती हिशेबात धरली नाहीत तरी चालेल.

आमच्या घराण्यात लोणचं तीन ठिकाणी घातलं जातं. हिंगणघाटला माझी थोरली बहीण देवका, म्हणजे आमची अक्का. सिंदी रेल्वे नावाच्या गावी धाकटा भाऊ अंकुश आणि त्याची बायको मंजुषा. आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आम्ही. म्हणजे घालणारी माझी बायको सुधा, आणि चुकीच्या कैऱ्या आणून बोलणी खाणारा मी. खाणारी घरं मात्र पाच, कारण मुलगी शाल्मली नागपूरला असते आणि मुलगा देवेंद्र पुण्याला.

कोणाही समजदार माणसाला वाटेल की ज्यानं त्यानं आपापलं खावं आणि थोडं मुलांना धाडावं. तसं होत नाही. अक्काची बरणी सिंदीला जाते, सिंदीची आमच्याकडे येते, आमची हिंगणघाटला जाते. शिवाय आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. आलेली बरणी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून, आत आपलं काहीतरी भरूनच परत जाते. लोणच्यावर कुरोड्या, कुरोड्यांवर कणकेचे वाळवलेले सरगुंडे, सरगुंड्यांवर पुन्हा लोणचं. पिवळ्या गळ्याची एक चिनी मातीची बरणी आमच्या आईची आहे. आई गेल्यापासून ती सारखी प्रवासात आहे. आमच्या घराण्यात एवढं कोणी फिरलेलं नाही. सुधा लोणचं उत्तम घालते असं मी ऐकून आहे. मला ते कधी मिळालेलं नाही. ते नेहमी बाहेर गेलेलं असतं.

आणि या सगळ्याच्या मागे फोन असतो. अक्का विनाकारण फोन करणाऱ्यांतली नाही. मी चौथीत असताना आई गेली, त्यानंतर मला न्हाऊ-माखू घालण्यापासून मॅट्रिकला बसवण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. पण 'कसा आहेस' असं विचारायला फोन करणं म्हणजे तिच्या मते चांगल्या माणसाला आजारी पाडणं. बरणी निघाली की मात्र तिचा फोन येतो. "पोचली का?" एवढं विचारून ती पाऊण तास बोलते. वर्षातून चार-सहा वेळा मला माझी बहीण मिळते, ती अशी बरणीमागून.

आता मूळ भानगड. मागल्या वर्षी सुधानं शाल्मलीसाठी एका ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ बरणी दिली. ड्रायव्हर सज्जन होता. इतका सज्जन, की नागपूरला बरणी घ्यायला कोणी दिसलं नाही म्हणून तो ती सांभाळून रायपूरला घेऊन गेला. पुढे त्याचा फोन लागेना. छत्तीसगडमध्ये सुधाचं लोणचं कोणीतरी आवडीनं खाल्लं असणार, यापलीकडे त्या बरणीविषयी काही कळलं नाही.

यंदा कैऱ्या आल्या तेव्हा सुधा म्हणाली, "अहो, तुम्ही कॉलेजात हेच शिकवत होता ना? माल इकडून तिकडे कमी खर्चात कसा न्यायचा ते?"

मी 'हो' म्हणालो. ते 'हो' मला फार महागात पडलं.

"मग एवढं एक करा. नाही तर सरळ तुम्हीच एसटीनं नेऊन देत जा."

ही दुसरी सूचना मी कानाआड केली. त्याला कारण होतं. पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर एसटीचा प्रवास फुकट होतो. पंचाहत्तरीनंतर पहिल्यांदा एसटीत बसलो तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना कलप होता, आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड खिशात ठेवलं होतं. कंडक्टरनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. कार्ड खिशातून निघायच्या आत तिकीट माझ्या हातात होतं आणि त्यावर रक्कम छापली होती, शून्य. "बसा आजोबा," तो म्हणाला. निदान पुरावा मागायला हवा होता. त्या दिवसापासून मी एसटीत पाय ठेवलेला नव्हता.

तेव्हा पहिली सूचनाच बरी होती. लिनियर प्रोग्रॅमिंग नावाचं जे शास्त्र आहे, त्यात 'वाहतुकीचा प्रश्न' असा स्वतंत्र धडाच असतो. समजा तीन कारखाने आहेत आणि पाच गोदामं आहेत. कोणत्या कारखान्यात माल किती, कोणत्या गोदामाला हवा किती, आणि कुठून कुठे न्यायला काय खर्च, एवढं मांडलं की कोणी कोणाला किती पाठवावं म्हणजे एकूण खर्च सगळ्यात कमी येईल, याचं उत्तर निघतं. तीस वर्षं मी फळ्यावर सिमेंटची पोती हलवली. कितीतरी लाख पोती. प्रत्यक्षात मी आयुष्यात गॅसचं सिलिंडरही हलवलेलं नाही, पण पद्धत पक्की होती.

आधी माहिती गोळा करायची. मी अक्काला फोन लावला.

"अक्का, यंदा लोणचं किती घालतेस?"

"काई नाई रे. असंच आपलं, दोन-चार कैऱ्या."

तिचा मुलगा कैलास शेजारीच होता. त्यानं फोन घेऊन सांगितलं, "मामा, दोन पोते आनले. तिखट कांडून झालं."

"बरं. आणि तुला इतरांकडचं किती लागेल?"

"मले कायले पायजे?" अक्का म्हणाली. "म्हातारीच्या तोंडाले चव कुठी राह्यली आता. काई नको."

मी लिहिलं: मागणी, शून्य.

मग सिंदी. मंजुषा मला थोरल्या दिराचा, भासऱ्यांचा मान देते, म्हणजे माझ्याशी थेट बोलत नाही. ती अंकुशशी बोलते, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "आमचंच सरत नाई म्हना. दुसऱ्याचं कुठी ठेवाव म्हना. काई नको म्हना." अंकुशनं ते सगळं 'म्हना'सकट मला सांगितलं. मागणी, शून्य. शाल्मली म्हणाली, "बाबा, अगदी एवढंसं." फोनवर 'एवढंसं' दिसत नाही, म्हणून मी अर्धा किलो धरलं. देवेंद्र म्हणाला, "बाबा, इथं सगळं दारात मिळतं, कशाला त्रास." त्याचं पाव किलो धरलं. शेवटी मी घरातच विचारलं. सुधा म्हणाली, "मला कोणाचं नको बाई. अक्कांचं फार तिखट असतं, मंजुषाचं आंबट." त्या वेळी ती अक्काच्या मागल्या वर्षीच्या लोणच्याची फोड चोखत होती. पण शास्त्रात माणूस काय चोखतो ते धरत नाहीत, काय सांगतो ते धरतात.

एकूण पुरवठा तीन घरांचा मिळून क्विंटलभर. एकूण मागणी एका स्टीलच्या डब्यात मावेल एवढी. एखाद्या सिमेंट कंपनीला असे आकडे आले असते तर तिनं त्याच संध्याकाळी कारखाना विकला असता. मला मात्र वाटलं, आपलं गणित सोपं झालं.

राहिले दर. बसस्थानकामागे एक पार्सलवाला आहे. त्याच्या खिडकीत प्रेमदास नावाचे गृहस्थ बसतात. मी त्यांना म्हणालो, "हिंगणघाट, सिंदी, नागपूर, पुणे यांचे दर हवे होते."

"पार्सल कुठाय?"

"पार्सल नंतर. आधी दर."

"पार्सल पाहून दर सांगतो. काय हाये आत?"

"लोणचं."

"तेल सुटते?"

"चांगल्या लोणच्याला सुटतंच."

"मंग नाई चालत. तेल न सुटनारं आना."

मी खिन्न मनानं घरी आलो. फाटकाशी शेजारचे नत्थूजी उभे होते. नत्थूजी शेती मुलाच्या स्वाधीन करून बोरगावला राहायला आले, तेव्हापासून त्यांच्याकडे वेळ आहे आणि माझ्याकडे सल्ले. मी त्यांना अडचण सांगितली.

"सर, तुमी साधे मानूस," ते म्हणाले. "त्याले वजनाशी मतलब. लोनचं काऊन नेता? खोक्यात वीट टाका अन् न्या. दर घ्या अन् वीट घेऊन वापस या."

सल्ला निर्दोष होता. आमच्या मिक्सरच्या खोक्यात मी एक वीट ठेवली, वर्तमानपत्र कोंबलं, दोरी बांधली. प्रेमदास म्हणाले की पत्ता असल्याशिवाय दर निघत नाही, म्हणून सिंदीचा पत्ता घातला. पाठवणाऱ्याचं नाव हवं होतं, तेही घातलं. त्यांनी खोकं तोललं, दर सांगितला, मी तो टिपून घेतला. टिपून मान वर करतो तर खोक्यावर शिक्का बसला होता.

"झालं माझं काम," मी म्हणालो. "खोकं द्या."

"शिक्का मारल्यावर वापस नाई देता येत."

"अहो, पण ते माझं आहे."

"तुमचं होतं. आता ते घेनाऱ्याचं हाये. सिंदीले जाऊन त्यायच्या हातून घ्या."

मी म्हणालो, आत वीट आहे. प्रेमदासांनी रजिस्टरात 'वीट' असं लिहिलं आणि म्हणाले, "हे पहिलेच सांगाले पायजे होतं. तेल नाई सुटत, चांगली गोष्ट हाये."

दुसऱ्या दिवशी अंकुशचा फोन आला. लोणच्याचे दिवस, थोरल्या भावाचं पार्सल, म्हणून मंजुषानं शेजारच्या दोघीतिघींना बोलावून मग खोकं उघडलं होतं.

"दादा, वीट पोचली."

"अरे, ती चुकून..."

"समजलं मले. घर बांधतानी आपल्या बापाच्या जागेतला तुह्या हिश्श्याचा तुकडा मी घेतला. तू तव्हा काई बोलला नाई. पन मनात होतं तर तोंडानं सांगाचं. पार्सल काऊन करतं?"

मी शपथेवर सांगू लागलो की मला फक्त दर हवा होता. "कायचा दर?" त्यानं विचारलं. मागून मंजुषाचा आवाज आला, "जागेचा दर इचारून राह्यले म्हना. अर्धी भिंत काढून घेऊन जा म्हना."

चार दिवसांनी खोकं परत आलं. आत दोन विटा होत्या. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत अंकुशनं रागातही सोडली नव्हती, हे पाहून मला भरून आलं. एरवी त्या दोन विटांचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही. फाटकाशी आहेत. नत्थूजी त्यांवर बसतात.

माणसानं इथे थांबायला हवं होतं. पण एक दर हाती आला होता, बाकीचे मी अंतरावरून काढले होते, कोष्टक तयार होतं, आणि तीस वर्षांच्या अध्यापनात मी एकही गणित अर्धवट सोडलेलं नाही. मी ते सोडवलं. नागपूरचा अर्धा किलो सिंदीहून जावा, पुण्याचा पाव किलो बोरगावहून. उरलेल्या मालाचं काय, तर त्यालाही शास्त्रात सोय आहे. पुरवठा जास्त आणि मागणी कमी असेल तर एक काल्पनिक ठिकाण धरायचं. तिथवर न्यायचा खर्च शून्य. सगळा शिल्लक माल त्या ठिकाणी गेला असं समजायचं, म्हणजे प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही. फार सुंदर कल्पना आहे. वर्गात ती सांगताना माझा आवाज नेहमी थोडा कापत असे.

मी कोष्टक स्वच्छ अक्षरात काढलं, फोटो घेतला आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'यापेक्षा कमी खर्चात हे काम होणे नाही.' मग कौतुकाची वाट पाहत बसलो.

ग्रुपवर एरवी सकाळी फुलांचे फोटो येतात, ते यायचे थांबले.

काय झालं ते मला नंतर कैलासकडून कळलं. अक्काला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कैलास सरळ माणूस आहे, त्यानं काही गाळलं नाही. "हिंगनघाटहून बोरगाव, शून्य. हिंगनघाटहून सिंदी, शून्य. नागपूर, शून्य. पुनं, शून्य." अक्का ऐकत होती. "अन् आपल्याकडे येनारं? बोरगावहून शून्य, सिंदीहून शून्य."

"मंग माह्या लोनच्याचं काय?"

"ते सारं काल्पनिकले लिवलं हाये मामानं."

"हे काल्पनिक कोन?"

"कोनी नाई, आई. तसं घरच नाई."

अक्का उठून आत गेली म्हणे.

त्यानंतरच्या आठवड्यात कैलासच्या ओळखीचा एक माणूस वर्ध्याला कामानिमित्त आला, त्यानं आमच्या दारात एक पिशवी ठेवली. सुधानं उघडली. आत आईची बरणी होती, पिवळ्या गळ्याची. धुतलेली, पुसलेली, उन्हात वाळवलेली. सुधानं झाकण काढलं, आत हात घातला, आणि हात तसाच बाहेर काढला.

बरणी रिकामी होती.

अंकुशनं विटा पाठवल्या तेव्हा सुधा पोट धरून हसली होती. आता ती खाली बसली. "रिकामी आली हो," ती म्हणाली. मी म्हणालो, काहीतरी चूक झाली असेल. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं माझ्याकडे विद्यार्थ्यांनीसुद्धा कधी पाहिलेलं नाही.

मी हिंगणघाटला फोन लावला. कैलास म्हणाला, आई देवळात गेली. संध्याकाळी लावला, आई देवळात गेली. पुढे रोज लावला. अक्काची भक्ती इतकी वाढली होती की मला देवाची काळजी वाटू लागली. फोनमधून तिचा खोकण्याचा आवाज यायचा, आणि कैलास म्हणायचा, "देऊळ जवळच हाये, मामा."

इकडे बाकीच्यांनीही आपापली शून्यं शोधली होती. कोष्टकात शून्यांना तोटा नव्हता. 'सिंदीहून बोरगाव, शून्य' हे वाचून मंजुषानं सुधाशी बोलणं टाकलं. 'बोरगावहून नागपूर, शून्य' हे वाचून शाल्मली आईला म्हणाली, "पोटच्या मुलीला काकूनं लोणचं पाठवायचं, आणि तू पुण्याला पाठवणार. ठीक आहे." मंजुषानंही तिला काही पाठवलं नाही, कारण मी सांगितलेलं करणं म्हणजे भिंत द्यायची कबुली ठरली असती. देवेंद्रचं पाव किलो तेवढं जाणार होतं, पण पाव किलोसाठी आता कोणाला उत्साह राहिला नव्हता.

म्हणजे यंदा आमच्या घराण्यात कोणीही कोणालाही काहीही पाठवलं नाही. वाहतुकीचा एकूण खर्च शून्यावर आला. माझ्या माहितीप्रमाणे याहून कमी खर्च आजवर कोणालाही साधलेला नाही. मी हे नत्थूजींना सांगितलं. ते विटांवरून उठले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "सर, मानूस मेला का त्याचाबी खर्च बंद होते." आणि पुन्हा बसले.

फोन वाजायचा थांबला होता. मला कळेना, मी कशाची वाट बघतोय. दुपारी जेवताना सुधा लोणच्याची बरणी ताटाजवळ आणून ठेवायची; तिचं स्वतःचं लोणचं, जन्मात पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलेलं. उत्तम होतं. मी फोड ताटाच्या कडेला सारून ठेवायचो. अक्काला ब्याऐंशी पूर्ण झाली आहेत. तिचं काही बरंवाईट झालं तर शेवटचं बोलणं 'मागणी किती' हे असणार होतं, आणि त्याचं उत्तर मी शाईनं लिहून ठेवलं होतं.

"जा आणि बरणी देऊन या," सुधा म्हणाली.

"काय भरून देतेस?"

"रिकामी तुमच्यामुळे आली. तुम्हीच भरा."

मला येतं काय? मी बाजारातून गोरसपाक, ती वर्ध्याची तुपातली जाड बिस्किटं, आणला आणि बरणीत भरू लागलो. गोरसपाक बरणीत भरायची वस्तू नाही. तोंडातून आत जाईना, तेव्हा अर्धा करून घातला. मग बरणी मांडीवर घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, मी एसटीत बसलो. कंडक्टरनं पाहिलं, शून्याचं तिकीट दिलं. "बसा आजोबा. बरणी नीट धरा." मी धरली. बाहेर ऊन असं होतं की खिडकीच्या दांड्याला हात लावला तर फोड यावा.

अक्का ओसरीवर बसली होती. देवळात नव्हती.

"ये," ती म्हणाली. माठातलं पाणी दिलं. मी बरणी तिच्यापुढे सरकवली.

"काय आनलं?"

"गोरसपाक."

तिनं झाकण काढलं. उन्हानं आणि रस्त्यानं आतल्या गोरसपाकाचं पीठ झालं होतं. तिनं चिमूटभर काढून तोंडात टाकलं, आणि तोंड हलवत म्हणाली, "तुह्या हाताले कधी काम नाई राह्यलं."

"अक्का, तुला मी विचारलं होतं, किती पाहिजे. तू म्हणालीस, काही नको."

"हो."

"मी तेच लिहिलं."

"जेवाले बसल्या मानसाले 'वाढू का' म्हटलं तर तो काय म्हनते?"

"नको म्हणतो."

"मंग वाढनारा थांबते का?"

मी बरणीचं झाकण लावू लागलो.

"तुह्या कॉलेजात थांबत असतीन," अक्का म्हणाली. "मी तुले वाढतानी कधी इचारलं, नान्या? इचारलं असतं तं तू चौथीतच उपाशी राह्यला असता. तू तं हरेक गोष्टीले नाई म्हनत होता."

माझ्याजवळ एकच बचाव उरला होता, तो मी केला. म्हणालो, "पाठवायला खर्च फार येतो गं. म्हणून सगळं केलं. बरणी रायपूरला गेली, पार्सलवाला तेलाचं घेत नाही, दर परवडत नाहीत."

अक्का विचार करू लागली. वर्गात तीस वर्षं मी मुलांना विचार करा म्हणत होतो. कसा करतात ते तेव्हा पाहिलं.

"आत्ता येतानी तुले किती तिकीट लागलं?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. पण चौथीपासूनची सवय, तिच्यापुढे खोटं येत नाही.

"काही नाही लागलं."

"काईच नाई?"

"पंचाहत्तरच्या पुढे शून्याचं तिकीट देतात."

"अन् बरनीचं?"

"मांडीवर घेतली तर काही नाही."

"सिंदीलेबी?"

"सिंदीला. नागपूरला. राज्यात कुठेही."

अक्कानं मान वळवून आत हाक मारली, "कैलास, बरन्या आन."

हे मला आधी दिसायला हवं होतं. कोष्टकात खर्चाच्या प्रत्येक घरात शून्य असेल, तर कोणी कोणालाही कितीही पाठवलं तरी खर्च शून्यच येतो. सगळी उत्तरं सारखीच उत्तम. अशा ठिकाणी गणिताला काही करण्यासारखं राहत नाही. पुढचं अक्का ठरवते.

त्या दिवशी मी पाच बरण्या घेऊन निघालो. दोन मांडीवर, दोन पायांत, एक शेजारच्या बाईच्या मांडीवर, जिला माझी दया आली. दुसऱ्या दिवशी सिंदी. तिथे मंजुषा अंकुशला म्हणाली, "बसा म्हना, जेवून जा म्हना," आणि जाताना तीन बरण्या लादल्या; भिंतीचा विषय निघाला नाही, विटांचाही नाही. मग नागपूर, तिथून शाल्मलीनं भरून दिलेल्या डब्यासह परत. मधल्या काळात सुधानं हिंगणघाटसाठी नव्या बरण्या तयार ठेवल्या होत्या. इस्त्रीचे चारही शर्ट तेलानं गेले. कलप घामानं उतरला, तो पुन्हा लावला नाही. आता कंडक्टर माझं तोंडसुद्धा बघत नाहीत, बरणी बघूनच तिकीट फाडतात. पुण्याला कधी जायचं, यावर घरात चर्चा चालू आहे, आणि तिच्यात मला धरलेलं नाही.

काल भर दुपारी हिंगणघाटहून परतलो. फाटकाशी नत्थूजी एका विटेवर बसले होते. "सर, आजकाल दिसून नाई राह्यले," ते म्हणाले. मी बरण्या खाली ठेवल्या आणि त्यांच्याशेजारच्या विटेवर बसलो. घरात जाण्याइतकं त्राण नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"पोचलं का?"

"पोचलो गं अक्का," मी म्हणालो. "ऊन फार लागलं. डोकं गरगरतंय. पायात गोळे आलेत."

"तुले कोन इचारलं?" अक्का म्हणाली. "लोनचं पोचलं का?"

मी खाली पाहिलं. आईच्या बरणीच्या पिवळ्या गळ्यावरून तेलाचा एक ओघळ विटेकडे उतरत होता.

"पोचलं," मी म्हणालो.

आणि मग ती पाऊण तास बोलली.